रकाना घसरला, आकडा शेजाऱ्याच्या नावावर
संगणकातील तक्ता साध्या मजकुराच्या रूपात बाहेर काढताना काय होते, देवनागरीत ते अधिक का बिघडते आणि उपाय कोणते

ठाणे : मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग, नाशिककडे जाणारा रस्ता आणि घोडबंदर रोड जिथे एकमेकांना भेटतात, त्या माजिवडा नाक्याच्या भोवती गेल्या दोन-तीन दशकांत गृहसंकुलांचे जंगल उभे राहिले. प्रत्येक संकुलाची एक सहकारी गृहनिर्माण संस्था, प्रत्येक संस्थेचा एक हिशेब. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपते, त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते आणि त्या सभेपुढे जमा-खर्चाचे तक्ते ठेवावे लागतात. पूर्वी हे काम जाड वह्यांत आखलेल्या रकान्यांत होत असे. आता ते संगणकावर होते, आणि संगणक क्षेत्रात नोकरी करणारा एखादा सभासद हौसेने छोटासा प्रोग्राम लिहून थकबाकीची यादी तयार करतो. यादी ई-मेलने जाते, व्हॉट्सअॅपवर जाते, सूचना फलकावर लागते. पडद्यावर सुबक दिसलेला तक्ता कागदावर मात्र वाकडातिकडा येतो, आणि तिसऱ्या ओळीतली थकबाकी कोणाची यावरून दोन शेजाऱ्यांत वाद होऊ शकतो.

हा दोष सहसा हिशेबाचा नसतो. तो तक्ता ‘बाहेर काढण्याच्या’ पायरीवर शिरतो. माहिती संगणकाच्या स्मृतीत ओळी आणि रकाने अशा रूपात असते, तेथे ती अचूक असते. ती माणसाला वाचता यावी म्हणून अक्षरे, मोकळ्या जागा, उभ्या रेघा आणि आडव्या रेघा यांच्या साहाय्याने मजकूर म्हणून मांडणे, हे स्वतंत्र काम आहे. त्यासाठी जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामिंग भाषेत तयार ‘लायब्ररी’, म्हणजे आयत्या आज्ञावलींचे संच, उपलब्ध आहेत. पायथन या भाषेत ‘पांडाज’, ‘टॅब्युलेट’ आणि ‘प्रेटीटेबल’ ही त्यातली नेहमी वापरात असलेली नावे. त्यांचे काम ऐकायला क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात त्यात किती खाचखळगे आहेत, हे मराठी मजकूर त्यात टाकल्यावर कळते.

तक्त्याचा जुना संसार

मजकुरातून तक्ता मांडण्याची रीत संगणकाहून जुनी आहे. टंकलेखन यंत्रावर ‘टॅब’ नावाची कळ होती ती याचसाठी. यंत्राचा गाडा ठरलेल्या जागी जाऊन थांबे आणि आकडे एकाखाली एक पडत. संगणकाच्या कळफलकावरची ‘टॅब’ ही तिचीच वंशज. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांची छिद्रांकित कार्डे आणि मोजणी यंत्रे वापरली गेली. १९२८ मध्ये आयबीएमने ऐंशी रकान्यांचे कार्ड आणले आणि ‘एका ओळीत ऐंशी अक्षरे’ हा दंडक पुढे संगणकाच्या पडद्यानेही पाळला. कार्यालयांतून कर्कश आवाज करीत चालणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर याच मापाचे होते. प्रत्येक अक्षराला सारखीच जागा, हा या सगळ्या व्यवस्थेचा पाया.

१९५७ मध्ये आलेल्या फोरट्रान भाषेत आकडा किती जागेत छापायचा हे प्रोग्राम लिहिणाऱ्याने आधीच सांगावे लागे. आकडा त्या जागेत मावला नाही, तर त्या ठिकाणी ताऱ्यांची रांग छापली जाई. आज एक्सेलमध्ये अरुंद रकान्यात मोठा आकडा आला की तसेच खुणांचे कुंपण दिसते. दिसायला हे कुरूप आहे, पण प्रामाणिक आहे. अर्धा आकडा छापून वाचणाऱ्याला फसवण्यापेक्षा ‘मावत नाही’ असे सांगितलेले केव्हाही बरे. पुढे बेल लॅबोरेटरीत युनिक्स प्रणालीसाठी माइक लेस्क यांनी तक्ते मांडण्याचा ‘टीबीएल’ हा खास प्रोग्राम लिहिला. माहितीसाठ्याच्या प्रणालींनी, विशेषतः मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस्क्यूएल यांनी, प्रश्नाचे उत्तर अधिक चिन्हे, आडव्या रेघा आणि उभ्या रेघा यांच्या चौकटीत देण्याची पद्धत रूढ केली. ‘प्रेटीटेबल’च्या कर्त्याने आपल्याला पोस्टग्रेस्क्यूएलच्या अशाच तक्त्यांवरून कल्पना सुचल्याचे नमूद केले आहे.

लायब्ररी नेमके काय करते

काम तीन पायऱ्यांत होते. प्रथम प्रत्येक किमतीचे अक्षरांत रूपांतर होते. मग प्रत्येक रकान्यातील सर्वांत लांब मजकूर शोधून त्या रकान्याची रुंदी ठरते. शेवटी प्रत्येक मजकुराला त्या रुंदीइतक्या मोकळ्या जागा जोडून, नावे डावीकडे आणि आकडे उजवीकडे टेकवून, मध्ये रेघा ओढल्या जातात. ‘टॅब्युलेट’ला कोणत्या रूपात तक्ता हवा हे एका शब्दात सांगता येते. नुसता साधा, चौकटीचा, मार्कडाउन पद्धतीचा, विकिपीडियाच्या लेखात चिकटवता येईल असा, संकेतस्थळासाठी एचटीएमएल किंवा छपाईसाठी लाटेक. ‘पांडाज’मध्येही अशाच सोयी आहेत. त्यातील मार्कडाउनची सोय जानेवारी २०२० मध्ये आलेल्या १.० या आवृत्तीत जोडली गेली आणि ती आतून ‘टॅब्युलेट’लाच काम सांगते.

तिन्ही पायऱ्यांत घोटाळ्याला वाव आहे. मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत मोठा घोटाळा दुसऱ्या पायरीवर, ‘लांबी’ मोजताना होतो.

‘मुंब्रा’ मोठा की ‘उथळसर’?

ठाणे महापालिकेच्या प्रभाग समित्यांची नावे घेऊन पाहू. उथळसर आणि मुंब्रा. डोळ्यांना ‘उथळसर’ सरळ सरळ लांब दिसते, कारण त्यात पाच सुटी अक्षरे आहेत. ‘मुंब्रा’ दोन अक्षरांत संपते. संगणकाचा हिशेब उलटा आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीचा काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त यांना प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक आहे. त्यामुळे ‘उथळसर’चे पाच क्रमांक होतात, तर ‘मुंब्रा’चे सात : म, उकार, अनुस्वार, ब, हलन्त, र आणि काना. पायथनला लांबी विचारली तर तो ‘मुंब्रा’ला सात आणि ‘उथळसर’ला पाच म्हणतो. रकान्याची रुंदी दहा ठरली असेल, तर ‘मुंब्रा’पुढे तीन मोकळ्या जागा येतात आणि ‘उथळसर’पुढे पाच. जे नाव आधीच आखूड, त्याच्यापुढे जागाही कमी. परिणामी मुंब्र्याच्या ओळीतला आकडा चांगलाच डावीकडे सरकतो.

‘माजिवडा’ची गोष्ट फार वेगळी नाही. वाचताना चार अक्षरे, संगणकाच्या मोजणीत सात. ‘डोंबिवली’ वाचताना चार, मोजताना आठ. ‘कल्याण’ तीन आणि सहा. ‘ठाणे’ दोन आणि चार. प्रत्येक नावाची चूक वेगळी असल्याने सगळा रकाना एकाच मापाने सरकवून दुरुस्त करण्याची सोयही राहत नाही.

काही भाषांमध्ये याहूनही वाईट अवस्था होते. यूटीएफ-८ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक क्रमांक साठवायला तीन बाइट लागतात. सी भाषेतील छपाईची जुनी आज्ञा आणि पीएचपीमधील मोकळ्या जागा भरण्याची मूळ आज्ञा या दोन्ही बाइट मोजतात. त्यांच्या लेखी ‘माजिवडा’ एकवीस अक्षरांचा आहे, आणि वीस जागांच्या रकान्यात त्याच्यापुढे एकही मोकळी जागा द्यायला त्या तयार नसतात. पीएचपीने बाइटऐवजी अक्षरक्रमांक मोजणारी स्वतंत्र आज्ञा २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ८.३ आवृत्तीत दिली. पायथनच्या दुसऱ्या पिढीतही, विशेष काळजी घेतली नाही तर, हाच प्रकार होत असे. त्या पिढीला असलेला अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला.

टंकलेखन यंत्राला जे जमले

गंमत अशी, की ही अडचण देवनागरी टंकलेखन यंत्राने कधीच सोडवली होती. त्या यंत्रावर उकार, मात्रा, अनुस्वार यांच्या कळा ‘मृत’ ठेवलेल्या असत. कळ दाबली की चिन्ह उमटे, पण गाडा पुढे सरकत नसे. म्हणजे या चिन्हांची रुंदी शून्य. टंकलेखकाच्या बोटांना हे ठाऊक होते. संगणकाला ते पुन्हा शिकवावे लागले.

पडद्यावर कोणते चिन्ह किती घरे व्यापते हे सांगणारी एक आज्ञा युनिक्स परंपरेत आहे. ती मुख्यतः चिनी, जपानी आणि कोरियन लिपींसाठी घडली, कारण त्यांची अक्षरे दोन घरे व्यापतात. देवनागरीसाठी या आज्ञेच्या जुन्या रूपात अर्धीच व्यवस्था होती. अक्षराच्या वर किंवा खाली बसणारी चिन्हे, म्हणजे उकार, एकार, अनुस्वार आणि हलन्त, तिने शून्य धरली. काना, वेलांटी आणि ओकार यांना मात्र एकेक घर दिले. त्या हिशेबाने ‘मुंब्रा’ चार घरांचा झाला आणि ‘माजिवडा’ सातचा सातच राहिला. पायथनमधील याच कामाच्या लायब्ररीने, जिचा आधार ‘प्रेटीटेबल’ आणि ‘टॅब्युलेट’ घेतात, २०२३ मध्ये देवनागरी, तामिळ, कन्नड आदी लिपींसाठी ही दुरुस्ती केली. काना-वेलांटी शून्य झाली आणि ‘माजिवडा’ चार घरांत बसला. ‘मुंब्रा’ मात्र तीन घरांचा, कारण ‘ब्रा’ हे जोडाक्षर एक आहे हे तेवढ्याने कळत नाही.

जोडाक्षर म्हणजे एकच अक्षर, हे युनिकोडच्या अक्षर-विभागणीच्या सर्वसाधारण नियमातही २०२३ पर्यंत नव्हते. त्या वर्षी सप्टेंबरात जाहीर झालेल्या १५.१ आवृत्तीने देवनागरी, बंगाली, गुजराती, ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या लिपींसाठी हलन्ताने जोडलेली व्यंजने न तोडण्याचा नियम घातला. मराठी मुलाला पहिलीत कळणारी गोष्ट जागतिक मानकात यायला एवढा काळ लागला, याचे नवल वाटते. पण तक्त्याच्या दृष्टीने एवढ्यानेही भागत नाही. अक्षरे बरोबर मोजली, तरी ती सारख्या रुंदीची असावी लागतात. देवनागरीत ‘र’ अरुंद, ‘क्ष’ रुंद, ‘स्त्र’ त्याहून वेगळा. रोमन लिपीसाठी समान रुंदीचे टंक विपुल आहेत. देवनागरीचे सौंदर्य न बिघडवता तसा टंक करणे अवघड असल्याने बहुतेक ठिकाणी अक्षरे आपापल्या नैसर्गिक रुंदीने उमटतात. व्हॉट्सअॅपवर तीन उलट्या अवतरणचिन्हांत मजकूर टाकला की तो समान रुंदीच्या टंकात दिसतो, ही युक्ती अनेक संस्थांच्या सचिवांना ठाऊक आहे. इंग्रजी यादीला ती उपयोगी पडते, मराठी यादीला नाही.

नाव शेवटी लिहा

या सगळ्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय तंत्रज्ञानाचा नसून मांडणीचा आहे. मोकळ्या जागा भरण्याची गरज मजकुरानंतर दुसरा रकाना असेल तरच पडते. शेवटच्या रकान्यानंतर काहीच नसते. तेव्हा आकडे आधी घ्यावेत आणि मराठी नाव सर्वांत शेवटी. देवनागरी अंक हे सुटे, काना-मात्रा नसलेले आणि बहुतेक टंकांत सारख्या रुंदीचे असतात, त्यामुळे ते बिनचूक एकाखाली एक बसतात. २०११ च्या जनगणनेतील आपल्या परिसरातल्या महापालिकांची लोकसंख्या या रीतीने अशी मांडता येते :

१८,४१,४८८ | ठाणे
१२,४७,३२७ | कल्याण-डोंबिवली
११,२०,५४७ | नवी मुंबई
०८,०९,३७८ | मीरा-भाईंदर
०७,०९,६६५ | भिवंडी-निजामपूर
०५,०६,०९८ | उल्हासनगर

शेवटच्या तीन ओळींत डावीकडे लावलेले शून्य हीसुद्धा जुनी क्लृप्ती. संकेतस्थळे अनेकदा ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागा गिळून टाकतात. शून्य गिळले जात नाही. ज्यांना ते खटकते त्यांनी रेघेऐवजी खरा एचटीएमएल तक्ता करावा. उजवीकडे चौकट बंद करणारी रेघ मात्र टाळावी, कारण ती टाकली की शेवटचा रकाना शेवटचा राहत नाही.

याच तक्त्यात आणखी एक बाब दडली आहे. पायथनला आकड्यांत स्वल्पविराम घालायला सांगितले, तर तो तीन-तीन अंकांनंतर घालतो आणि ठाण्याची लोकसंख्या १,८४१,४८८ अशी छापतो. लाख-कोटीची आपली पद्धत त्याला वेगळी शिकवावी लागते. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टला ‘मराठी, भारत’ असा स्थानिक संकेत दिला, की ती देवनागरी अंकांत आणि लाखांच्या गटांत आकडा देते.

पहिल्या पायरीवरचे धोके

रकाने वाकडे झाले तर निदान डोळ्यांना दिसतात. आकडाच बदलला तर दिसतही नाही. म्हणून पहिली पायरी, किमतीचे अक्षरांत रूपांतर, ही खरी जोखमीची.

‘टॅब्युलेट’ला काहीच सांगितले नाही, तर तो अपूर्णांकी आकडे सहा सार्थ अंकांपर्यंतच छापतो. एखाद्या संस्थेची वर्षाची जमा १,२३,४५,६७८ रुपये ५० पैसे असेल, तर तक्त्यात १.२३४५७ आणि पुढे दहाचा सातवा घात अशी वैज्ञानिक मांडणी उमटते. ती उलगडली तर १,२३,४५,७०० होतात. साडेएकवीस रुपयांचा फरक पडला. रक्कम मोठी नाही, पण ताळेबंद जुळत नाही आणि फरक कुठून आला हे शोधण्यात एक रविवार जातो. शिवाय रकान्यात एकाही रकमेला पैसे असले, की संपूर्ण रकाना अपूर्णांकी मानला जातो आणि नेमके वीस लाखही ‘दोन, दहाचा सहावा घात’ म्हणून छापले जातात. उपाय सोपा आहे : दशांशानंतर दोन अंक हवेत, असे लायब्ररीला स्पष्ट सांगायचे. सांगितले नाही, तर ती आपल्या सवयीने वागते.

दुसरा धोका ‘शहाणपणा’चा. मजकूर अंकासारखा दिसला की लायब्ररी त्याला अंक समजते. पायथनला देवनागरी अंकही समजतात, ही कौतुकाची गोष्ट. पण त्यामुळे ‘१२.५०’ असा मजकूर ‘टॅब्युलेट’ आकडा समजून घेतो आणि बाहेर काढताना रोमन अंकांत साडेबारा छापतो, शेवटचे शून्य गाळून. संकुलाला ‘ई’ विंग असेल तर आणखी मौज. सदनिकांचे क्रमांक रोमन लिपीत ‘१० ई २’ या धर्तीवर सलग लिहिलेले असतील, तर संगणकाच्या भाषेत त्याचा अर्थ दहा गुणिले दहाचा वर्ग, म्हणजे एक हजार. ‘अ’ विंगची यादी व्यवस्थित येते, ‘ई’ विंगच्या यादीत मात्र सदनिका शंभर आणि हजार होऊन बसतात. ‘पांडाज’ सीएसव्ही फाइल वाचताना हेच करतो, आणि दूरध्वनीच्या ठाण्याच्या ०२२ व कल्याण-डोंबिवलीच्या ०२५१ या क्रमांकांमधील आरंभीचे शून्यही टाकून देतो. क्रमांक हा आकडा नव्हे, मजकूर आहे, हे फाइल वाचतानाच बजावणे एवढाच यावर इलाज.

एक्सेलचा प्रताप सर्वांत प्रसिद्ध. त्यात ‘७/१२’ लिहिले की तारीख होते. महाराष्ट्रात ज्या दोन आकड्यांवर जमिनीचे सारे व्यवहार उभे आहेत, ते गाव नमुना सात आणि बारा एक्सेलच्या लेखी एक तारीख आहेत. सर्व्हे क्रमांक आणि हिस्सा क्रमांक तिरक्या रेघेने लिहिण्याची आपली रीत असल्याने जमिनींच्या याद्यांत ही चूक हमखास संभवते. ‘१२/३’ हा हिस्सा १२ मार्च होतो आणि ‘४५/३’ मात्र तसाच राहतो, कारण पंचेचाळीस तारीख नसते. यादीतले काही क्रमांक बदलतात, काही नाही, म्हणून चूक लवकर लक्षात येत नाही. राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून मिळू लागला. मूळ उतारा शाबूत असला, तरी त्यावरून घरी तयार केलेली यादी शाबूत राहीलच असे नाही. याच सवयीपायी जनुकशास्त्रज्ञांनी तर शरणागती पत्करली. मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी दिसणारी काही मानवी जनुकांची लघुनावे २०२० मध्ये बदलण्यात आली. आपोआप रूपांतर बंद करण्याचा पर्याय एक्सेलने २०२३ मध्ये दिला.

‘पांडाज’बाबत एक इशारा. साठहून अधिक ओळींचा तक्ता नुसता छापायला सांगितला, तर तो पहिल्या पाच आणि शेवटच्या पाच ओळी दाखवतो व मध्ये टिंबे देतो. पन्नासहून अधिक अक्षरांचा मजकूरही तसाच छाटतो. पडद्यावर नजर टाकण्यापुरते हे ठीक. शंभर सभासदांच्या यादीतून नव्वद सभासद गायब झालेले पत्रक सूचना फलकावर लावणे ठीक नाही. पूर्ण तक्ता मजकुरात काढण्याची आज्ञा वेगळी आहे, ती वापरावी.

रेघा, स्वल्पविराम आणि ॥श्री॥

तिसऱ्या पायरीवर तक्त्याच्या खुणा आणि मजकुरातील खुणा यांची गल्लत होते. मार्कडाउनमध्ये रकाने उभ्या रेघेने वेगळे करतात. आपल्याकडे कळफलकावर दंड सहज सापडत नाही म्हणून ‘॥श्री॥’ लिहिताना दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा टंकित करण्याची सवय आहे. अशा रीतीने नाव लिहिलेली संस्था मार्कडाउनच्या तक्त्यात आली, की एका नावाचे अनेक रकाने होतात आणि पुढचा मजकूर बाहेर ढकलला जातो. खरा दंड वापरला, किंवा रेघेआधी उलटी तिरकी रेघ दिली, की प्रश्न मिटतो. लाटेकमध्ये ‘आणि’ या अर्थाचे व्यापारी चिन्ह व टक्केवारीचे चिन्ह यांना विशेष अर्थ आहे. ‘टॅब्युलेट’ त्यांना आपणहून निःशस्त्र करतो, मात्र ‘कच्चा लाटेक’ मागितला तर नाही. छपाईसाठी देवनागरी तक्ता हवा असेल तर हाच मार्ग उत्तम, कारण २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी आणलेल्या झीटेकपासून युनिकोड टंक थेट वापरता येतात आणि रकान्याची रुंदी अक्षरे मोजून नव्हे, प्रत्यक्ष उमटलेल्या आकारावरून ठरते.

सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामाने विभागलेला मजकूर. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याचे नियम लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाले, पण ते पाळतोच कोण असा प्रकार आहे. ‘१८,४१,४८८’ हा आकडा अवतरणचिन्हांशिवाय या फाइलीत टाकला तर त्याचे तीन रकाने होतात. पत्त्यातला प्रत्येक स्वल्पविराम हाच उपद्रव करतो. तयार लायब्ररी अवतरणचिन्हे आपोआप घालते. घरी जुळवलेली आज्ञा घालीत नाही. मराठी सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर अक्षरांऐवजी चिन्ह लावलेला रोमन ‘ए’ आणि चलनाच्या खुणेसारखी गोल आकृती यांची माळ दिसली, तर माहिती नष्ट झाली असे समजू नये. फाइलीच्या आरंभी यूटीएफ-८ ची अदृश्य खूण नसल्याने एक्सेल तिला दुसरीच लिपी समजला आहे. ती खूण घालून फाइल पुन्हा काढावी.

एकाच गावाची दोन नावे

लिपीचे आणखी एक दुखणे तक्त्यातच उघडे पडते. एकाच नावाच्या ओळी एकत्र करून बेरीज मागितली, तर मराठी याद्यांत एक गाव दोनदा येते. माजिवडा, माजीवडा आणि माजिवडे अशी तिन्ही रूपे वापरात आहेत. ती निदान डोळ्यांना वेगळी दिसतात. कऱ्हाडचे तसे नाही. त्यातील अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे. संगणकाच्या मोजणीत एक सहा क्रमांकांचे, दुसरे सात. तक्त्यात दोन वेगळी गावे, आणि रकानाही एका घराने सरकलेला. युनिकोडच्या प्रमाणीकरणाच्या नेहमीच्या आज्ञेनेही ही दोन रूपे एक होत नाहीत. यादी हाती आल्यावर प्रथम ते अदृश्य जोडचिन्ह शोधून ‘ऱ’ एकाच रीतीने लिहून घेणे, हे काम आपल्यालाच करावे लागते.

ज्यांच्याकडे २००० च्या दशकातील फाइली आहेत त्यांच्यापुढे याहून मोठा डोंगर आहे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ तंत्रज्ञानाने डॉसच्या काळात मराठी पडद्यावर आणली आणि ‘इस्की’ या १९९१ च्या भारतीय मानकाने अक्षरांना क्रमांक दिले. त्यानंतर मात्र श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सुरेख अशा टंकांचे राज्य आले. प्रत्येकात अक्षराच्या तुकड्यांना आपापले क्रमांक होते. त्या फाइलींतून आज तक्ता काढला तर निरर्थक रोमन अक्षरांचे रकाने हाती येतात. आधी टंकानुसार युनिकोडमध्ये रूपांतर आणि मगच मांडणी, हा क्रम उलटवून चालत नाही.

तक्ता कोणासाठी काढायचा, यावर शेवटी त्याचे रूप ठरते. दृष्टिहीन सभासद पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम वापरतात. चौकटीचा तक्ता त्यांना ‘अधिक, वजा, वजा, वजा’ असा ऐकू येऊ शकतो, आणि दहाव्या ओळीतला आकडा कोणत्या शीर्षकाखालचा हे त्यातून समजत नाही. एचटीएमएल तक्त्यात शीर्षकाच्या रकान्यांना शीर्षक म्हणूनच खूण केली असेल, तर तोच प्रोग्राम आकड्याबरोबर रकान्याचे नावही उच्चारू शकतो. ‘पांडाज’ आणि ‘टॅब्युलेट’ यांचे एचटीएमएल रूप ही खूण घालते. मोबाइलच्या अरुंद पडद्यावर सहा रकान्यांच्या ओळी मोडून दुसऱ्या ओळीत उतरतात, तेव्हा तेथे तक्त्याऐवजी प्रत्येक सभासदासाठी ‘नाव : रक्कम’ अशी एक ओळ पाठवलेली पुरते.